निग्गी चुडीनची डावी पोटरी

निग्गी चुडीनला रस्त्यात थांबायची सवय होती. त्याचा धंदा सगळ्यांना माहीत असल्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. फ्रायेस्ट्रासवरच्या एका मोठ्या कापडदुकानाच्या दर्शनी काचेमागे त्याने उभं आयुष्य काढलं. पुतळ्यांना कोट चढवायचे, टोप्या तिरक्या करायच्या, डिसेंबर आला की कापसाचा बर्फ पसरायचा. निवृत्त झाल्यावर तो दुसऱ्यांच्या काचांपुढे उभा राहून नावं ठेवायला लागला.

"हे बघा, फ्राऊ देवधर," तो मला म्हणायचा, "या बाईच्या गळ्यात तीन मफलर. हिचा काय घसा बसलाय?"

आम्ही बाझेल शहराच्या क्लाइनबाझेल भागात एकाच इमारतीत राहायचो. मी खाली, आणि निग्गी आणि त्याची बायको लोट्टी आमच्या डोक्यावर. ह्यांच्या नोकरीपायी मी बाझेलला आले त्याला तेव्हाच बरीच वर्षं झाली होती. मुलं मोठी झाल्यावर मी इस्पितळात एमआरआय विभागात मदतनीस म्हणून लागले होते. माणसांना मशीनवर नीट झोपवायचं, पांघरूण घालायचं, कानात बोळे द्यायचे, घाबरलेल्याचा हात धरायचा, हे माझं काम. निग्गीला मी इथे एकेरीत लिहिते आहे, पण त्या काळात आम्ही एकमेकांना 'तुम्ही'च म्हणत होतो, तो मला फ्राऊ म्हणजे बाई, मी त्याला हेर म्हणजे साहेब. लोट्टीशी मात्र माझी पहिल्या हिवाळ्यातच एकेरीवर मैत्री झाली होती.

निग्गीचा खरा जीव ढोलात. फास्नाख्तचे, म्हणजे हिवाळा सरताना इथे भरणाऱ्या मुखवट्यांच्या उत्सवाचे, तीन दिवस मुखवटा चढवून, ढोल गळ्यात अडकवून तो आपल्या पथकाबरोबर शहरभर चालायचा. शाळकरी वयात त्याने आणि त्याचा थोरला भाऊ एमिल याने एकाच गुरूकडे काठ्या धरायला शिकून घेतलं होतं. इथली शिकवायची पद्धत अशी की मुलाला आधी चालायला लावतात. सावकाश, डुलत, पथकाची खास चाल. मग त्या चालीवर हात बसवतात. पाय चुकला तर काठी हातातून काढून घेतात. निग्गी सांगायचा, "पहिलं वर्षभर मी नुसता चाललोच. ढोल दिसलासुद्धा नाही."

दोघा भावांना मधुमेह. एमिलची नस बंद पडली, पायाला काळी जखम झाली आणि शेवटी त्याचा डावा पाय गुडघ्यावरून काढावा लागला. तो रीहेनच्या वृद्धाश्रमात गेला. सुरुवातीला निग्गी दर रविवारी जायचा. मग महिन्याने. मग लोट्टीच केक घेऊन जायला लागली आणि निग्गीला नेमकं त्याच दिवशी काहीतरी काम निघायला लागलं.

लोट्टीला संशय आला तो संडासाच्या भांड्यांमुळे. एका संध्याकाळी दोघं भाजी घेऊन घरी येत होती. निग्गी थांबला. ती चार पावलं पुढे जाऊन मागे वळली, तर हा नळ आणि कमोडच्या दुकानापुढे उभा. काचेमागे ओळीने पांढरी भांडी, बाकी काही नाही.

"यात काय बघायचं आहे?" लोट्टीने विचारलं.

"मांडणी."

"कमोडची?"

"कमोडचीसुद्धा मांडणी असते."

"निग्गी, तू पोटरी धरून उभा आहेस."

मग सगळं बाहेर आलं. थोडं चाललं की डाव्या पोटरीत कळ यायची, जरा उभं राहिलं की जायची. दोन वर्षं तो काचांच्या आडोशाने हे लपवत होता. गंमत म्हणजे इथे डॉक्टरसुद्धा या दुखण्याला दुकानाच्या काचेवरूनच नाव देतात, कारण सगळेच रोगी असे काचेपुढे थांबतात. निग्गी तर धंद्यानेच काचवाला, तेव्हा त्याच्यावर कोण संशय घेणार?

लोट्टीने त्याला आमच्याच इस्पितळात आणलं. डॉक्टर गीझिन म्हणून एक बाई होत्या, झ्युरिककडच्या, बोलायला थोड्या कोरड्या पण हाताच्या चांगल्या. त्यांचं आणि रेनातोचं मिळून तेव्हा एक संशोधन चाललं होतं. रेनातो आमचा भौतिकशास्त्रवाला, आल्प्सच्या पलीकडच्या इटालियन बोलणाऱ्या भागातला तरुण मुलगा. पोटरीच्या स्नायूला प्राणवायू किती पोचतो, हे सुई न टोचता एमआरआयने बघता येईल का, असा त्यांचा प्रयत्न होता. रेनातोने मला ते साध्या शब्दांत सांगितलं होतं. प्राणवायू असलेलं रक्त आणि प्राणवायू संपलेलं रक्त चुंबकापुढे वेगळं वागतं, त्यामुळे चित्रात स्नायू जरा उजळ किंवा जरा मंद दिसतो. मांडीला रक्तदाबाच्या पट्ट्यासारखाच पण रुंद पट्टा बांधायचा आणि फुगवून रक्त काही वेळ अडवायचं. स्नायू आहे तेवढा प्राणवायू वापरतो आणि चित्र मंदावत जातं. मग पट्टा सोडायचा. निरोगी पायात रक्त धावत येतं, पडद्यावरची रेघ उसळी मारून आधीच्या पातळीच्याही वर जाते आणि मग खाली बसते. आजारी पायात ती रखडत रखडत चढते.

सप्टेंबरात निग्गीची रेघ रखडतच चढली होती. ऑक्टोबरात त्याच्या मांडीतली नस फुग्याने उघडून आत स्टेंट बसवला. नाताळात तो पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट घेऊन जिना चढताना मला दिसला आणि वर पोचल्यावर कठड्यावरून वाकून मुद्दाम ओरडला, "फ्राऊ देवधर, एकदाही नाही थांबलो!"

जानेवारीच्या शेवटी दुसरी तपासणी होती. नस उघडल्याचा स्नायूला किती फायदा झाला ते बघायचं होतं. मीच त्याला मशीनवर घेतलं, पट्टा बांधला, पायाखाली उशी दिली.

"आता नवा पाय आहे," तो म्हणाला. "बघा तुमचं मशीन कसं खूश होतंय."

मशीनची ठकठक सुरू झाली. मी काचेच्या अलीकडे रेनातोच्या मागे उभी होते. पट्टा फुगला. रेघ खाली गेली आणि जातच राहिली. पट्टा सोडला तेव्हा ती सप्टेंबरपेक्षाही रडत रडत वर चढली. रेनातो पडद्याजवळ सरकला. तो एरवी शीळ घालतो, त्या दिवशी घातली नाही.

डॉक्टर गीझिनांनी दोघांना खोलीत बसवलं. लोट्टीने मलाही आत ओढलं.

"हेर चुडीन, चालताना दुखतं का?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही. परवा मी बार्फ्युसरप्लाट्झ चौकापासून घरापर्यंत चालत आलो."

"पहिल्यांदा आलात तेव्हाही फ्राऊ चुडीननी खरं सांगेपर्यंत तुम्ही मला हेच सांगत होता," डॉक्टर म्हणाल्या.

 निग्गी दोन वर्षं खोटं बोलला होता, आता खरं सांगत होता, आणि दोन्हींचा आवाज सारखाच होता. लोट्टीसुद्धा त्याच्याकडे संशयानेच बघत होती.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मधुमेहामुळे त्याच्या नसा चुन्यासारख्या कडक झालेल्या, त्यामुळे घोट्याजवळच्या रक्तदाबावर विश्वास ठेवता येत नव्हता. सोनोग्राफीत वरचा स्टेंट उघडा दिसत होता, पण गुडघ्याखालच्या बारीक नसांची खात्री देता येत नव्हती. आणि आता हे चित्र असं. एमिलचंही असंच खालून सुरू झालं होतं. थांबण्यात अर्थ नाही. पुढच्या गुरुवारी नसेत रंगाचं औषध टोचून नसांचं चित्र घ्यायचं. ते औषध त्याच्या मूत्रपिंडांना सोसेल की नाही ही भीती होतीच, पण तो धोका पत्करायचा. नस बंद निघाली तर सर्जन तयार असतील, त्याच दिवशी पाय उघडायचा.

"म्हणजे फास्नाख्त?" निग्गीने विचारलं.

"फास्नाख्त या वर्षी नाही."

"ढोल नुसता गळ्यात अडकवला तर?"

"हेर चुडीन, मी पायाबद्दल बोलते आहे आणि तुम्ही ढोलाबद्दल."

"झ्युरिकच्या माणसांना त्या दोन गोष्टी वेगळ्या वाटतात," निग्गी म्हणाला. खोलीत कुणीच हसलं नाही, तो स्वतःही नाही.

त्या संध्याकाळी लोट्टी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मी पोळ्या लाटत होते. ती कणकेचा एक गोळा हातात घेऊन नुसती दाबत राहिली.

"एमिललाही आधी असंच सांगितलं होतं, फक्त नस बघू या," ती म्हणाली. "मग बोट गेलं. मग पाऊल. मग..." तिने गोळा ताटात टाकला. "मी क्लारा चर्चमध्ये मेणबत्ती लावून आले. तुझा देव काय म्हणतो?"

"माझा देव फारसं बोलत नाही. मी सांगते, तो ऐकून घेतो."

"मग सांग त्याला."

"सकाळीच सांगितलंय."

डोक्यावर टकटक सुरू झाली. ढोलाच्या सरावासाठी रबर लावलेली एक फळी असते, तिच्यावर निग्गी काठ्या चालवत होता. नाताळानंतर हा आवाज रोज संध्याकाळी असायचाच. माझ्या कानांना तो घड्याळाइतका सवयीचा झाला होता.

"पथकाला अजून सांगितलं नाही त्याने," लोट्टी म्हणाली. "या वर्षी ढोलाची नवी धून, नवा मार्च बसवतायत. अवघड आहे म्हणे. मूर्ख माणूस. पाय चाललाय आणि हा मार्च पाठ करतोय."

इकडे रेनातोला चैन नव्हती. त्याला मशीनचीच शंका आली. त्याने पाण्याची मोठी बाटली मशीनमध्ये ठेवून सगळी चित्रं पुन्हा घेतली. मशीन ठीक होतं. सोमवारी मी खोली पुसत होते तेव्हा त्याने मला बोलावून पडदा दाखवला.

"हे बघा, फ्राऊ देवधर. ही रेघ गुळगुळीत असायला हवी. हिला दात आहेत."

खरंच होते. बारीक बारीक, एकसारख्या अंतरावर, करवतीच्या पात्यासारखे.

"नाडी असेल," मी म्हटलं.

"नाडी याहून जलद असते, आणि श्वास याहून सावकाश. हे दोन्हींच्या मधलं काहीतरी आहे, आणि सप्टेंबरात ते नव्हतं. पाय थरथरतो का त्यांचा?"

"ते लोट्टीला विचारायला हवं."

दुसऱ्या दिवशी त्याने दोघांना बोलावलं. मशीन दुसऱ्या रोग्यांसाठी लागलं होतं, म्हणून शेजारच्या तपासणीच्या खोलीतच निग्गीला झोपवलं आणि मोजा काढला. रेनातोने मशीनचा आवाज टेपवर घेतला होता. तो टेपरेकॉर्डर त्याने निग्गीच्या कानाशी ठेवला. मला म्हणाला, तुमच्या हाताची त्यांना सवय आहे, पोटरीखाली हात धरा.

टेप लागली. ठक, ठक, ठक. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग माझ्या तळहातावर पोटरी घट्ट झाली. सैल झाली. पुन्हा घट्ट. पाऊल जागचं हललं नव्हतं, पांघरुणावरून तर काहीच कळलं नसतं. पण आत स्नायू आवळत होता, सुटत होता, अगदी तालात.

"हलू नका, हेर चुडीन," मी म्हटलं.

"मी कुठे हलतोय?"

लोट्टी पुढे आली. तिने माझा हात बाजूला करून आपला ठेवला. क्षणभर तिने डोळे मिटले, मग तिचे ओठ हलायला लागले, जणू ती काही गुणगुणत होती. आणि मग ती इतक्या मोठ्याने ओरडली की बाहेरून नर्स डोकावून गेली.

"अहो, हा चालतोय!"

"कोण चालतोय?" रेनातोने विचारलं.

"हा! हा माझा नवरा! पडल्या पडल्या पथकात चालतोय! हा या वर्षीचा मार्च आहे, गेला महिनाभर मी घरात दुसरं काही ऐकलेलं नाही!"

"मी स्वस्थ पडलोय," निग्गी रागाने म्हणाला.

"मनात काय चाललंय?" रेनातोने हळूच विचारलं.

निग्गी छताकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"तुमचं मशीन," तो शेवटी म्हणाला, "सुरुवातीला जरा घुटमळतं. पण एकदा लय धरली की सोडत नाही. आमच्या पथकात असे दोनच जण आहेत."

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही आत..."

"नवा मार्च म्हटला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मनात. म्हटलं, एवढा वेळ पडूनच राहायचंय तर सराव होईल. दुसरं कडवं दोनदा घेतलं."

"आणि सप्टेंबरात?"

"सप्टेंबरात काय ढोल वाजवतात का?" निग्गीने असं विचारलं की रेनातोलाच आपण काहीतरी अडाण्यासारखं बोललो असं वाटलं. तो आल्प्सच्या पलीकडचा, त्याला तरी काय माहीत. पण मी? माझ्या डोक्यावर वर्षानुवर्षं हा माणूस ठोकत होता आणि मलाही सुचलं नव्हतं. तो दुसऱ्या कुठल्या गावचा असता, तर त्याने मशीनमध्ये डुलकी काढली असती. बाझेलचा ढोलवाला तेवढा चालायला लागतो.

डॉक्टर गीझिनांना बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी हसू दाबलं हे मी बघितलं, पण पुढचं त्या बोलल्या ते खरं होतं.

"रक्त अडवलेलं असताना स्नायू काम करत होता, म्हणून त्याने प्राणवायू भराभर संपवला आणि रेघ खोल गेली. पट्टा सुटल्यावरही तो थांबला नाही. ठीक आहे. पण यावरून एवढंच ठरतं की चित्र चुकलं. पाय बरा आहे, असं यावरून ठरत नाही."

लोट्टीचा चेहरा पुन्हा उतरला.

"उद्या सकाळी मशीन रिकामं करून घेते," डॉक्टर म्हणाल्या. "पुन्हा एकदा करू. पाय स्वस्थ राहिला पाहिजे. नाहीतर गुरुवार ठरलाय तसाच आहे."

मग हा माणूस स्वस्थ कसा ठेवायचा याचे प्रयोग सुरू झाले. पाऊल पट्ट्याने बांधून टेप लावली, तर बांधलेल्या पायातली पोटरी आतल्या आत चालायला लागली. रेनातो म्हणाला, दुसरा काहीतरी विचार करा. निग्गीने कापसाच्या बर्फाचा विचार केला. थोडा वेळ जमलं, मग पुतळेच पथकात सामील झाले.

"मला आत उभी राहू द्या," लोट्टी म्हणाली. "मी अंगठा धरून ठेवते. हलला तर चिमटा."

"फ्राऊ चुडीन, अंगावर धातूचं काहीही चालणार नाही," रेनातोने बजावलं.

बुधवारी सकाळी मी लोट्टीला कपडे बदलायच्या खोलीत नेलं. अंगठी साबण लावून काढली. केसांतल्या पिना, घड्याळ, गळ्यातला क्रूस, सगळं डब्यात. शेवटी तिने पोट आवळायचा पट्टा सोडला, त्याला लोखंडी हुकांची रांगच होती. इस्पितळाचा झगा घालून, केस मोकळे सोडून ती बाहेर आली तेव्हा निग्गी मशीनवर पडलेलाच होता.

"लोट्टी," तो म्हणाला, "आपल्या लग्नाच्या रात्रीनंतर पहिल्यांदाच."

"गप्प पड. एक ठोका जरी चुकून मारलास तर नख उपटीन."

निग्गीला पायांकडून आत सरकवलं होतं, म्हणून लोट्टी मशीनच्या पलीकडच्या तोंडाशी उभी राहिली आणि हात आत घालून तिने त्याचा अंगठा धरला. कानात बोळे, वर कानटोप्या. मी दार लावून काचेच्या अलीकडे आले. डॉक्टर गीझिन उभ्याच होत्या, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. मी हात पदराआड घेतल्यासारखे एप्रनच्या खिशात घालून मनात नाव घेतलं. मोठं काही मागितलं नाही. म्हटलं, जे असेल ते खरं दिसू दे.

ठकठक सुरू झाली. रेनातोने पडदा मोठा केला. रेघ सरळ होती. दात नव्हते. एकदा एक बारीक टोक वर आलं आणि लगेच काचेतून लोट्टीचा खांदा हललेला दिसला. पुन्हा सरळ.

पट्टा फुगला. रेघ उतरायला लागली, पण त्या दिवशीसारखी कोसळली नाही. सावकाश उतरली आणि एका ठिकाणी जवळजवळ थबकली. रेनातो त्याच्या भाषेत पुटपुटत होता. मग तो म्हणाला, "सोडतोय."

हवा सुटल्याचा आवाज काचेतून काही ऐकू येत नाही. नुसती रेघ बघायची. ती वर वळली. वर गेली. जुन्या पातळीशी आली, मला वाटलं आता थांबेल, आता रखडेल. ती ओलांडून गेली. चांगली ऐटीत वर गेली, वर जाऊन गोल वळली आणि निवांतपणे खाली उतरायला लागली.

रेनातोने शीळ घातली.

"पुन्हा दाखव," डॉक्टर गीझिन म्हणाल्या. त्याने पहिल्यापासून दाखवलं. त्यांनी सप्टेंबरची रेघ शेजारी लावायला सांगितली. मग चष्मा काढून डोळे चोळले. मला वाटतं तो आठवडा त्यांनाही जड गेला होता.

"उद्याची तपासणी रद्द करा," त्या म्हणाल्या आणि स्वतःच दार उघडून आत गेल्या. मी मागोमाग.

निग्गीला बाहेर सरकवलं तेव्हा त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते.

"हेर चुडीन, तुमच्या पोटरीला प्राणवायू मिळतोय. भरपूर. नस उघडी आहे."

त्याने डोळे उघडले. "म्हणजे उद्या?"

"उद्या घरी बसा. वसंतात पुन्हा दाखवायला या. आणि तुम्ही म्हणालात पाय दुखत नाही, ते खरं होतं. त्यावर मी विश्वास ठेवायला हवा होता."

"मीसुद्धा ठेवला नसता," निग्गी म्हणाला.

लोट्टीला बोळ्यांमुळे काहीच ऐकू आलं नव्हतं. ती अजून अंगठा धरून उभी, कमरेत वाकलेली. मी जाऊन तिच्या कानांतले बोळे काढले आणि सांगितलं. तिने मान हलवली, पण अंगठा सोडेना.

"लोट्टी, सोड आता," निग्गी म्हणाला.

"तू गप्प बस," ती म्हणाली आणि रडायला लागली. रडता रडताच तिने त्याला एक शेवटचा चिमटा काढला, दोन वर्षं कमोड बघितल्याबद्दल.

फास्नाख्तला तो तिन्ही दिवस चालला हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या मनाला घोर नको. रेनातोने आपल्या संशोधनाच्या नियमांत एक नियम वाढवला, की तपासणीच्या वेळी रोग्याच्या कानात सावकाश बोलणाऱ्या माणसाची गोष्टीची टेप लावायची. कारण लिहिताना त्याने ढोल हा शब्द घातला नाही, घातला असता तर बाहेरगावच्या डॉक्टरांना काही कळलंच नसतं.

त्या बुधवारी माझी पाळी दुपारी संपली. दोघं बाहेर बाकावर बसून शहाजिरं लावलेली फास्तेवाये, ही या दिवसांतली पावरोटी, खात होती. लोट्टीच्या पिशवीत ती सकाळपासून होती, कुणाला घास उतरला नव्हता. निग्गीने अर्धी तोडून माझ्यापुढे धरली.

"घे," तो म्हणाला. मग ओशाळला. "आता 'तू' म्हटलं तर चालेल ना? माझी पोटरी धरलीस, आता 'तुम्ही' कसलं?"

"चालेल, निग्गी," मी म्हटलं.

तो उठला, कोट झटकला आणि विचारलं, "रीहेनची ट्राम इथूनच मिळते ना?"

लोट्टी खायची थांबली. तिने उरलेली फास्तेवाये पिशवीत घातली. आम्ही तिघंही गेलो.

एमिल खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत बसला होता, मांडीवर चौकड्यांचं पांघरूण. निग्गीपेक्षा उंच, त्याच्यासारखंच नाक. त्याने दाराकडे बघितलं.

"आलास? कुठला पाय ठेवून आलास?"

"दोन्ही घेऊन आलोय."

"दाखव."

निग्गीने विजार वर करून पाय शेजारच्या खुर्चीवर ठेवला. एमिलने मंडईत खरबूज बघतात तशी पोटरी अंगठ्याने दाबून बघितली. कातडी पांढरी झाली, पुन्हा गुलाबी झाली. तेवढ्यात लोट्टीने मशीनचा सगळा किस्सा सांगून टाकला. मार्चपर्यंत आली तेव्हा एमिल इतका हसला की त्याला ठसका लागला आणि मला पाणी द्यावं लागलं.

"मशीनमध्ये चालत होता!" तो म्हणाला. मग त्याने पांघरुणावर, जिथे काहीच नव्हतं तिथे हात ठेवला. "माझाही चालतो हा. गेलेला. जानेवारी लागला की सुरू होतो. मी कुणाला सांगितलं नाही, म्हटलं, वेडा म्हणतील."

निग्गी त्याच्यासमोर बसला. 

"इतके दिवस कुठे होतास?" एमिलने विचारलं. आवाज चढवला नाही.

"घाबरलो होतो," निग्गी म्हणाला. "तुझ्याकडे बघितलं की माझाच पाय दिसायचा."

"माहीत आहे मला."

"माहीत होतं?"

"तुझ्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो. पण केक मात्र जरा बरा पाठवला असता."

"केक मी करते," लोट्टी म्हणाली.

"म्हणूनच तुझ्यासमोर बोलतोय," एमिल म्हणाला. खिडकीखाली आवारात संध्याकाळच्या जेवणाची घंटा झाली. त्याने खुर्चीचं चाक वळवलं. "चला, जेवून जा. बुधवारी भाजलेल्या पिठाचं सूप असतं, ते इथे बरं करतात. निग्गी, मागून ढकल. आणि सरळ चाल, डुलू नकोस, मला सूप सांडायला आवडत नाही."